डोमेनवरच्या ११८ कॉम्प्युटरना नावं कशी द्यावीत? (साखर कारखाना)

गव्हाणीजवळचा
९ मे, रात्री १०:४०

मंडळी, साखर कारखान्यात ईडीपीला (कॉम्प्युटर खात्यात) आहे, नऊ हंगाम झाले. गाळप संपलंय, बॉयलर थंड झालाय, म्हणून हे जुनं दुखणं आता बाहेर काढतोय. एकदा हंगाम सुरू झाला की उसाच्या वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरला कुणी बोटही लावू देत नाही. म्हणजे जे काय करायचं ते दसऱ्याच्या आत.

आजवर आमच्याकडे वर्कग्रुप होता, म्हणजे प्रत्येक मशीन आपापलं. आता डोमेन उभं केलंय, म्हणजे सगळ्यांची खाती एका ठिकाणी, आणि सगळी मशीनं त्यात ओढायची आहेत. एकूण ११८ नग. मुख्य ऑफिस, शेती, काटा, केनयार्ड, लॅब, स्टोअर, टाइम ऑफिस, डिस्टिलरी, को-जन, साखर गोदाम, आणि बाहेर १४ गट ऑफिसं.

(नावं इथं देवनागरीत टाकतोय. मशीनवर अर्थात रोमन कॅपिटल आहेत, अक्षरं मोजताना रोमन मोजा.)

विहीर खणताना कसे मातीचे थर लागतात तसे आमच्या नावांचे थर आहेत. तळाला 'पीसी-१' ते 'पीसी-४०', ज्यानं पहिली केबल ओढली त्या सप्लायरनं दिलेले. त्यातले बाराच शिल्लक, आणि 'पीसी-७' दोन आहेत. त्याच्यावर माणसांचा थर: 'साहेब', 'साहेब-२', 'मॅडम', 'अण्णा-पीसी', 'भाऊ', 'आबा'. सगळ्यात वर गेल्या चार-पाच वर्षांतला थर. त्यात कुणी नाव द्यायचे कष्टच घेतले नाहीत. 'डेस्कटॉप-' आणि पुढं सात अक्षरांचा काला, विंडोजनं दिला तसा. सर्व्हरना मात्र आमच्या आधीच्या साहेबांनी हौसेनं किल्ल्यांची नावं दिलीत. रायगड, राजगड, पन्हाळा, विशाळगड.

मार्चमध्ये अँटिव्हायरसच्या कन्सोलवर 'भाऊ' लाल झाला. भाऊ म्हणजे अकाउंटचे भाऊ, ते दोन हंगामांमागे रिटायर झाले. त्यांच्या टेबलावर आता नवीन मुलगी आहे, मशीनही नवीन. मग भाऊंचा डबा गेला कुठं? अकाउंटवाले म्हणाले स्टोअरला जमा केला. स्टोअरनं टाइम ऑफिसला दिला होता. टाइम ऑफिसनं शेती खात्याला. आणि शेती खात्यानं २२ किलोमीटरवरच्या गट ऑफिसला. तिथं जाऊन बघतो तर चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा) त्याच्यावर पेनड्राइव्ह लावून गाणी ऐकत बसलाय. अर्धा दिवस गेला, पेट्रोल माझं.

म्हणून नियम करायला बसलो. विभाग, जागा, प्रकार, खरेदीचं वर्ष, अनुक्रमांक. उदाहरणार्थ 'एजीआरआय-गट०४-डीटी-२०२३-०१७'. कागदावर देखणं दिसत होतं. टाइप केलं तर विंडोज म्हणाली, पंधरा बाइटच्या वर चालत नाही, मी छोटं करते. आणि छोटं करून ठेवलं 'एजीआरआय-गट०४-डीटी-२'. म्हणजे ४ नंबरच्या गटातली तिन्ही मशीनं एकाच नावाची झाली असती!

तर विचारायचं असं, की ही पंधराची भानगड काय आहे? नावात नक्की काय घालावं आणि काय घालू नये? अंडरस्कोर चालतो का? आणि चालू मशीनचं नाव बदललं तर काय काय मोडतं?

---

सर्व्हररूममधला उंदीर
९ मे, रात्री ११:५५

पंधराचं भूत नेटबायोसचं आहे, म्हणजे नेटवर्कवर मशीनांना नावानं ओळखायच्या जुन्या पद्धतीचं. १९८० च्या दशकातलं. त्यात नावाला १६ बाइट, पण सोळावा बाइट विंडोज स्वतःकडे ठेवते, हे नाव कुठल्या सेवेचं आहे ते सांगायला. कमांड प्रॉम्प्टवर 'एनबीटीस्टॅट -एन' मारा. तुमचंच नाव दोन-तीनदा दिसेल आणि प्रत्येकापुढं टोकदार कंसात आकडा असेल. ०० म्हणजे वर्कस्टेशन, २० म्हणजे फाइल शेअर करणारी सेवा. तो तुमचा सोळावा बाइट.

डीएनएसमध्ये (नावावरून मशीनचा पत्ता शोधणारी आताची व्यवस्था) नावाच्या एका तुकड्याला ६३ अक्षरं चालतात, पण त्यानं हुरळून जाऊ नका. डोमेनमध्ये मशीनचं जे खातं उघडतं ते त्या पंधरातल्या नावानंच, मागं डॉलरचं चिन्ह लावून. पंधराच्या आत राहा, विषय संपला.

अंडरस्कोर नको. होस्टच्या नावाला अक्षरं, अंक आणि हायफन, हे १९८५ च्या आरएफसी ९५२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम-सूचना लिहिलेले कागद) पासून चालत आलंय. तेव्हा पहिलं अक्षर अंक असलेलंही चालत नव्हतं. ती सवलत १९८९ मध्ये आरएफसी ११२३ नं दिली. हायफन शेवटी नको. नुसत्या आकड्यांचं नाव विंडोज घेत नाही. लहान-मोठी लिपी सारखीच धरली जाते, त्यामुळे 'भाऊ' कॅपिटलमध्ये आणि 'भाऊ' स्मॉलमध्ये असे दोन भाऊ करता येणार नाहीत.

आता तुमच्या नियमाकडे. राग मानू नका, पण पंधरात बसला असता तरी तो फुकट होता. भाऊंचा डबा चार ठिकाणी फिरला, बरोबर? त्याचं नाव 'अकाउंट-मुख्य-०१' असतं तर तुम्ही त्याला अकाउंटमध्येच शोधला असता. म्हणजे आत्ता जिथं गेलात तिथंच गेला असता. नावानं खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसावं.

मी पुण्यात वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं सांभाळतो. सगळीकडे एकच करतो, गिऱ्हाइकाची दोन-तीन अक्षरं आणि पुढं सिरियल नंबर. डेलचा सर्व्हिस टॅग सात अक्षरांचा असतो, आरामात बसतो. मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलटमध्ये (नवीन मशीन आपोआप तयार करणारी सेवा) तर नावाच्या साच्यात टक्केवारीच्या दोन चिन्हांमध्ये 'सिरियल' लिहिलं की मशीन स्वतःच नाव घेऊन उठतं. माणूस कुठंच नाही, म्हणून चूकही नाही.

---

गव्हाणीजवळचा
१० मे, सकाळी ९:१५

उंदीरमामा, खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसावं हे पटलं. रात्री पडल्या पडल्या त्याचाच विचार केला.

पण सिरियलचं आमच्याकडे काय होतं ते बघा. सकाळी आल्या आल्या नेटवर्कवरच्या मशीनांकडून बायोसचा सिरियल नंबर मागवला. ब्रँडेड मशीनांनी दिला. ३४ मशीनं असेंबल्ड आहेत, आमच्याच गावातल्या दुकानदारानं जोडलेली. त्यातल्या १९ जणांनी एका सुरात उत्तर दिलं, 'टू बी फिल्ड बाय ओईएम', म्हणजे बनवणारा भरेल. बाकीचे म्हणाले 'डिफॉल्ट स्ट्रिंग'. एकाचा रकाना रिकामा. आता १९ कॉम्प्युटरचं नाव 'टू बी फिल्ड' ठेवू का?

---

रात्रपाळी
१० मे, दुपारी ३:०५

'टू बी फिल्ड' वाचून वॉर्डबाहेर हसू आलं, सिस्टर बघायला लागल्या.

ठाण्यात हॉस्पिटलच्या आयटीत आहे. उंदीर यांचं म्हणणं कन्सोलसमोर बसणाऱ्या माणसासाठी बरोबर आहे. पण आमच्याकडे रात्री दोन वाजता फोन येतो, सिस्टरच्या एका हातात रिपोर्ट, दुसऱ्या हातात फोन. मी म्हणते, मशीनचं नाव वाचा. सिरियल नंबर वाचायला सांगितला तर 'बी की डी?', 'शून्य की ओ?', 'वन की आय?' यातच पाच मिनिटं जातात. म्हणून माझा पहिला नियम असा, की नाव फोनवर एका दमात वाचता आलं पाहिजे. अक्षरं थोडी, आकडे जास्त. आय आणि ओ ही दोन अक्षरं पूर्ण बंद.

दुसरं, नाव दिसलं पाहिजे. आम्ही सिसइंटर्नल्सचं बीजीइन्फो वापरतो, वॉलपेपरच्या कोपऱ्यात नाव आणि आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) येतो. शिवाय लेबल. आणि लेबल मॉनिटरवर लावू नका हो! आम्ही पहिल्यांदा तेच केलं, कारण मॉनिटर डोळ्यासमोर असतो. सहा महिन्यांत निम्मे मॉनिटर इकडचे तिकडे झाले आणि लेबलंही त्यांच्याबरोबर फिरली. लेबल डब्यावर, समोरच्या बाजूला.

एक मतभेद नोंदवते. मी नावात इमारतीची दोन अक्षरं ठेवते. एखादा नेटवर्क स्विच बंद पडला की यादीकडे बघून लगेच कळतं कुठली विंग गेली. मशीन दुसऱ्या इमारतीत गेलं तर नाव बदलायचं, हे आमच्या ट्रान्सफर फॉर्मवरच आहे. तुमच्याकडे असा फॉर्म आहे का आणि तो कुणी भरतं का, ते तुम्हीच ठरवा. भाऊंच्या गोष्टीवरून तरी वाटत नाही.

नावात साहेबगिरीही नको. 'एमडी-लॅपटॉप', 'अकाउंट-सर्व्हर' वगैरे. लॅपटॉप कुठल्याही वायफायला जोडला की आयपी मागताना स्वतःचं नाव सांगतो. हॉटेलात, एअरपोर्टवर. चोराला पत्ता आपणच द्यायचा कशाला?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनं नाव नवीन मशीनला देऊ नका. मी केलंय. रजिस्ट्रेशन काउंटरचा जुना डबा काढून नवीन ठेवला आणि त्याला जुनंच नाव देऊन डोमेनमध्ये घेतला. तेवढ्यात जुना कुणीतरी उचलून ब्लड बँकेत जोडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लड बँकेचा फोन, लॉगिन होत नाही, 'ट्रस्ट रिलेशनशिप' फेल. कारण डोमेनच्या लेखी त्या नावाचं खातं एकच. नवीन मशीन आत येताना त्या खात्याचा पासवर्ड बदलला, जुन्याकडे जुनाच राहिला. आता तर ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून खातं ज्यानं उघडलं त्यानंच परत जॉइन केलं तर जमतं, नाहीतर थोडे अपवाद सोडून विंडोज सरळ अडवते. अडवते ते बरंच आहे.

---

जुनं खोड
१० मे, संध्याकाळी ७:३०

मी यात पडणार नव्हतो, पण किल्ले वाचले आणि राहवलं नाही.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आमची सुरुवात युनिक्सच्या मशीनांवर, तेव्हा एका संस्थेत पाच-सहा कॉम्प्युटर म्हणजे डोक्यावरून पाणी. आम्ही नद्यांची नावं ठेवली होती. कृष्णा, कोयना, वारणा. 'पंचगंगा' टाइप करताना प्रत्येकाचा कुठला ना कुठला 'ए' राहायचा, म्हणून ती नदी आम्ही महिन्याभरात आटवली.

या विषयावर एक जुना कागद आहे, आरएफसी ११७८, ऑगस्ट १९९०, डॉन लिब्स यांचा. आठ पानी मजकूर पण आजही घासून पुसून बघावा असा. त्यात एक किस्सा आहे. एका ठिकाणी बऱ्याच मशीनांपैकी एकाच मशीनवर अपडेट घेतले जायचे, म्हणून त्याचं नाव ठेवलं 'अप'. मग संभाषण सुरू, 'अप डाउन आहे का?' आपल्याकडे आजही हे जसंच्या तसं बोलता येईल.

स्वतःचं नाव मशीनला देऊ नका, एखाद्या कामाचं नाव देऊ नका, कारण काम बदलतं, लांब नाव नको, ज्याचं स्पेलिंग दोन प्रकारे होतं ते नको, असं सगळं त्यात आहे. एका विषयाची नावं घ्या असंही आहे, म्हणजे तुमचे किल्ले शास्त्रात बसतात. पण ते पाच-दहा मशीनांपुरतं. ११८ किल्ले आठवायला बसलात तर हंगाम सुरू होईल. सर्व्हर राहू देत किल्ले, टेबलावरच्या डब्यांना नंबर द्या.

त्या कागदातली शेवटची सूचनाही ध्यानात ठेवा, अपवादाला नेहमी जागा असते.

आणि एक सांगा. तुमच्या कारखान्यात खुर्चीला नंबर असतो की नाही?

---

गव्हाणीजवळचा
११ मे, रात्री ८:५०

काका, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी खुर्चीवरून उठलो आणि खुर्ची उलटी केली. 'डे. स्टॉ. ०९६१'. पांढऱ्या ऑइल पेंटनं.

मग टेबलाखाली वाकलो. कॅबिनेटच्या डाव्या अंगाला, धुळीखाली, 'डे. स्टॉ. ०४१२'. नऊ वर्षं त्या डब्याला पाय लावून बसतोय आणि एकदा वाचलं नाही! स्टोअरचा पेंटर दर मे महिन्यात ब्रश आणि डबा घेऊन फिरतो, पंखा, कपाट, पाण्याचा पिंप, जे दिसेल त्याच्यावर डेड स्टॉक रजिस्टरचा नंबर घालतो. कॉम्प्युटरही सुटलेले नाहीत. भाऊंच्या डब्यावरसुद्धा असणार. म्हणजे मशीन स्वतः कोण आहे ते ओरडून सांगत होतं आणि मी त्याला विचारत होतो तू कुणाचा.

आता किल्ल्यांबद्दल कबुली द्यायची आहे. रोमनमध्ये लिहून बघा रायगड आणि राजगड. फक्त तिसरं अक्षर वेगळं, एकात आय आणि दुसऱ्यात जे. फोनवर तर तेवढाही फरक नाही. रायगडवर काट्याचा डेटाबेस आहे. राजगडवर अँटिव्हायरस आणि प्रिंटर. जानेवारीत रात्री दीडला मी घरून पोराला फोनवर सांगितलं, राजगड रिस्टार्ट कर. त्यानं रायगड केला. २५ मिनिटं काटा बंद. थंडीत बैलगाडीवाले, ट्रॅक्टरवाले रस्त्यापर्यंत लागलेले, शेतकी अधिकाऱ्यांचा फोन, काट्यावरच्या माणसाचा फोन, शेवटी बैल ओरडायला लागले असतील. त्या पोराला मी रागावलो, चूक नावाची होती. महाराजांनी राजधानी राजगडावरून रायगडावर नेली तेव्हा त्यांना आमचा काटा ठाऊक नव्हता.

---

सर्व्हररूममधला उंदीर
११ मे, रात्री ९:३०

डेड स्टॉक नंबर सिरियलपेक्षा भारी. मदरबोर्ड बदलला की सिरियल जातो, ऑइल पेंट जात नाही. माघार घेतो.

रायगड-राजगडवर एक उपाय. काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचं खरं नाव घालूच नका. डीएनएसमध्ये 'काटा' नावाचं उपनाम करा, ते आज रायगडकडे बोट दाखवेल, उद्या दुसऱ्याकडे. डेटाबेसला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. शेअर फोल्डरला मात्र नुसतं असं उपनाम (सीनेम) टाकून भागेलच असं नाही, विंडोज 'हे माझं नाव नाही' म्हणून अडून बसते. 'नेटडॉम कॉम्प्युटरनेम' नं जादाचं नाव रीतसर नोंदवा.

आणि विभाग, गट, मजला हे सगळं नावातून काढून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनच्या नोंदवहीत) टाका. विभागवार ओयू (खाने) करा, मशीन हललं की त्या खान्यातून या खान्यात ओढायचं. कोण बसतंय ते डिस्क्रिप्शनमध्ये. नावाला धक्का नाही.

---

एफवायची परीक्षा
१२ मे, दुपारी १२:२०

मधेच विचारतो, रागवू नका. कॉम्प्युटरचं नाव मराठीत, म्हणजे देवनागरीतच ठेवलं तर? वेबसाइटच्या पत्त्याला .भारत आहे ना आता.

---

सर्व्हररूममधला उंदीर
१२ मे, दुपारी १२:४१

.भारत २०१४ पासून आहे, पण तारेवरून जाताना ते 'एक्सएन--' नं सुरू होणारं रोमन कडबोळं होऊनच जातं. ब्राउझर आपल्याला परत देवनागरी दाखवतो इतकंच. नेटबायोसला ही सोय ठाऊक नाही, तो जुन्या कोडपेजवर (अक्षरांच्या तक्त्यावर) चालतो आणि त्यात देवनागरी नाही. असती तरी बाइट मोज. युटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची आजची पद्धत) आपल्या एकेका चिन्हाला तीन. 'काटा' म्हणजे क, काना, ट, काना, झाले बारा. 'गव्हाण' अठरा, आउट. डिस्क्रिप्शनमध्ये मात्र खुशाल मराठी लिही, तिथं चालतं. आणि परीक्षेचा अभ्यास कर.

---

गव्हाणीजवळचा
२८ सप्टेंबर, रात्री ११:१०

विचारून गायब झाला असं कुणी म्हणू नये म्हणून लिहितोय. पुढच्या आठवड्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन आहे, त्याच्या आत काम आवरलं. जवळजवळ.

नाव ठरलं ते असं: 'एसएफ-डी०४१२'. कारखान्याची दोन अक्षरं, हायफन, मग डेस्कटॉपला डी किंवा लॅपटॉपला एल, आणि डेड स्टॉकचा चार आकडी नंबर. आठ अक्षरं. डी-एल ठेवलं कारण डेस्कटॉपचा लॅपटॉप कधी होत नाही. विभाग नाही, गट नाही, वर्ष नाही. रात्रपाळीताई, इमारतीची अक्षरं नाही घेतली. ट्रान्सफर फॉर्म आमच्याकडे आहे, पण तो भरतात ऑडिटच्या आदल्या दिवशी.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. रजिस्टरमध्ये एके ठिकाणी ओळ सापडली, 'संगणक संच, नग ११', आणि अकरांना मिळून एकच नंबर, ०१८७. पेंटरनं इमानदारीनं अकराही डब्यांवर ०१८७ रंगवलंय. स्टोअरकीपर म्हणाले, बिल एकच होतं तर नंबर एकच. बरोबर आहे त्यांचं. शेवटी मागं ए, बी, सी लावलं. ताईंच्या नियमानं आय वगळला, म्हणून अकरावा डबा 'के' च्या ऐवजी 'एल' झाला. पेंटरनं कारण विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, मग शून्याला मी पोटात रेघ मारतो. मारली सगळ्यांना! असा माणूस ईडीपीला पाहिजे.

आधी आमच्या स्वतःच्या खोलीतली सहा बदलली, मग स्टोअर, मग टाइम ऑफिस. यादी करून पॉवरशेलनं एकदम करणार होतो, पण गट ऑफिसातली मशीनं दुपारी दोनच्या पुढं चालूच नसतात. म्हणून १४ ही गट ऑफिसं हिंडलो. चहाच्या कपांचा हिशेब नाही. भाऊंचा डबा आता 'एसएफ-डी०३३८' आहे आणि चिटबॉयनं त्याच्यावर नवीन गाणी भरलीत.

मोडलं काय? सगळ्यात जास्त प्रिंटर. अकाउंटमधल्या पाच जणांचा प्रिंटर 'मॅडम' या मशीनवरून शेअर केलेला होता. 'मॅडम' चं नाव बदललं आणि ऐन बिलाच्या दिवशी पाचही जणांचं प्रिंट बंद. ते आता राजगडवर नेलं. डेस्कटॉपवरचे शॉर्टकट मेले, त्यांचं काही नाही, दोन दिवस शिव्या खाल्ल्या. अँटिव्हायरसच्या कन्सोलवर जुनी नावं भुतासारखी राहिली होती, ती हातानं काढली.

रायगड-राजगडचं म्हणाल तर काका म्हणाले तसे किल्ले ठेवले, पण राजगडचं नाव बदलून शिवनेरी केलं. काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आता 'काटा' हेच उपनाम आहे. नवीन पोराला तरी कागदावर लिहून दिलंय.

चीफ अकाउंटंट तेवढे नाराज आहेत. त्यांचं मशीन 'साहेब' होतं. परवा म्हणाले, काय हो, मला एकदम नंबर दिलात, येरवड्यात गेल्यासारखं वाटतंय. म्हटलं, साहेब, खुर्चीलाही आहे. खाली वाकून बघितलं त्यांनी.

राहिलं एक. काट्यावरचं जुनं मशीन, 'आबा'. आबा काट्यावर होते तेव्हाचं नाव. त्यातल्या वजनाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनच्या नावाला बांधलेलं आहे, हे नाव बदलल्यावर कळलं. सॉफ्टवेअर उघडलंच नाही. ज्यानं ते बनवलं तो माणूस नवीन की देतो म्हणाला आणि गणपतीला गावी गेला. परत नाव 'आबा' केलं, मुकाट्यानं उघडलं. लवकरच गाड्या लागतील, आता मार्चपर्यंत कोण हात लावतोय.

त्यामुळे कन्सोल उघडला की ओळीनं ११७ नंबर दिसतात आणि मधेच एक आबा.